मताला रोख, गाण्याला उधार

५ मार्च २००५ च्या रात्री सोलापुरात ज्यांच्या घरी वीज होती ते टीव्ही बघत होते आणि ज्यांच्या घरी नव्हती ते त्यांच्याकडं जाऊन बघत होते. भारनियमनाच्या त्या दिवसांत शेजारधर्मही वेळापत्रकाप्रमाणे चालायचा. त्यात परीक्षांचा हंगाम. ज्या घरात दहावी-बारावीचं पोर असे, तिथली केबलची वायर कपाटात कुलपाआड गेलेली असे. त्या शनिवारी मात्र कुलपं उघडली. पहिल्या 'इंडियन आयडॉल'चा निकाल होता. एकीकडं भिलईचा अमित साना, दुसरीकडं मुंबईचा अभिजित सावंत, वय वर्षं २३.

अनु मलिक, फराह खान आणि सोनू निगम हे परीक्षक सुरांबद्दल बरंच काही बोलत. आमच्या आत्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. तिचा निकाल आडनाव ऐकताच लागला होता. ''सावंत हाय बे, आपला हाय. गातंयबी चांगलं.'' या वाक्यात गाणं शेवटी आलंय, हे ध्यानात ठेवा. पुढचा सगळा व्यापार तिथून सुरू होतो.

मत द्यायचं ते एसएमएसनं. आत्याला एसएमएस करता येत नव्हता, पण भाचे होते. ५०१ रुपयांच्या रिलायन्स फोननं २००३ पासून गल्लीगल्लीत जी क्रांती केली होती, तिचा पहिला सामाजिक उपयोग आमच्या घरात हा झाला. महापालिकेच्या निवडणुकीला जिच्यासाठी दारात रिक्षा आणावी लागते, ती आत्या दर आठवड्याला न बोलावता मतदान करू लागली, तेही एकदा करून थांबली नाही. हा एसएमएस साध्यापेक्षा महाग पडतो असं कुणी सांगितलं, तर म्हणायची, ''असू दे. लेकराच्या आयुष्याचा प्रश्न हाय.'' कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीला तीनदा माघारी बोलावणाऱ्या बाईचे हे उद्गार आहेत.

अभिजित जिंकला. दुसऱ्या दिवशी पार्क चौकात लोक एकमेकांना असे भेटत होते, जणू प्रत्येकाच्या घरचं पोर कलेक्टर झालंय. ''मी दिलं होतं बे मत,'' असं प्रत्येक जण सांगत होता. पोर जिंकलं याचा आनंद होताच, पण आपलं मत वाया गेलं नाही याचा जास्त होता. सोलापूरकराला हा अनुभव खऱ्या निवडणुकीत क्वचितच येतो.

मग थोड्याच दिवसांत पहिला अल्बम आला : 'आपका अभिजित सावंत'. वाहिनी सोनीची आणि अल्बमही सोनीच्याच कंपनीचा. घरचं पीठ, घरचाच तवा. त्यातलं गाजलेलं 'मोहब्बतें लुटाऊंगा' बिद्दूनं केलं होतं. नाझिया हसनला 'कुर्बानी'त गायला लावणारा, अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' घडवणारा हाच तो बिद्दू. म्हणजे माल कच्चा नव्हता. पण नव्या पेठेतल्या आमच्या कॅसेटवाल्या मालकांच्या काउंटरवर कुणी बिद्दूची चौकशी केली नाही. लोक विचारत, ''आपल्या अभिजितची आली का?'' मुंबईहून पार्सल यायचं होतं आणि ते आजच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येतंय की उद्याच्या, एवढंच कळायचं राहिलं होतं, असा तो सूर असे.

आत्यानंही कॅसेट घेतली. तिच्या घरी कॅसेट प्लेअर होता, पण त्याचं झाकण तुटून बरेच दिवस झाले होते. कॅसेट तिनं कपाटातल्या साड्यांवर ठेवली आणि तिचा प्लॅस्टिकचा कागदही काढला नाही. आल्या-गेल्याला दाखवायची. मतदान केल्यावर बोटाला शाई लावतात, ती तिच्या बोटाला लागली नव्हती. तिच्या जागी ही पन्नासेक रुपयांची कॅसेट होती. अशा शाईचा खप देशभर झाला आणि सगळ्यांनी त्याला संगीताचं यश म्हटलं.

इथं आमच्या गावातली सत्काराची पद्धत सांगितली पाहिजे. गाव चादरींचं. २००५ सालीच सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यामुळं चादर देताना आमची छाती आणखी फुगते. कुणीही नामवंत पहिल्यांदा सोलापुरात आला, की हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर त्याच्या खांद्यावर चादर पडते. एप्रिल महिना असतो, पारा चाळिशीच्या वर असतो, पाहुणा घामानं निथळत असतो आणि आम्ही त्याला जकार्डची जाडजूड चादर पांघरतो. वर शेंगा चटणीचा पुडा देतो. फोटो निघतो, तो दुसऱ्या दिवशी 'संचार'मध्ये येतो. फोटोत पाहुण्यापेक्षा पांघरणारे जास्त असतात. तोच पाहुणा दुसऱ्यांदा आला, की त्याला टॉवेल मिळतो. टॉवेलही आमच्याकडं उत्तम निघतात, त्यात कमीपणा काही नाही. पण पांघरणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते. तिसऱ्यांदा आला तर नॅपकिन, तोही संयोजकाच्या दुकानातलाच. मालात खोट कधीच नसते. फक्त पाहुणा आता आपल्याला माहीत झालेला असतो.

अभिजितचा पहिला अल्बम म्हणजे अख्ख्या देशानं त्याला पांघरलेली चादर होती.

त्यानंतरच्या दोन वर्षांत काय झालं बघा. २००५ च्या अखेरीला दुसरा 'आयडॉल' सुरू झाला, तो २००६ मध्ये संपला. त्यात हैदराबादचा करुण्या होता. आमच्या अशोक चौकातले, दाजी पेठेतले, अख्ख्या पूर्वभागातले तेलुगू भाषक जागे झाले. शेजारचे अण्णा आदल्या वर्षी आत्याला म्हणाले होते, ''गाण्यात जातभाषा बघू नये, आत्या.'' ते आता हातात फोन घेऊन रात्री जागू लागले. करुण्या दुसरा आला, बिकानेरचा संदीप आचार्य जिंकला. अण्णा चार दिवस गप्प होते आणि यंत्रमागाचा खटखटाट तेवढा चालू होता. २००७ साली तिसरा 'आयडॉल' आला. त्यात शेवटी उरले दार्जिलिंगचा प्रशांत तामांग आणि शिलाँगचा अमित पॉल. दोघांचाही सोलापूरशी दूरान्वयानंही संबंध नव्हता. तरी सोलापुरातून मतं गेलीच. बोटाला सवय लागली होती.

म्हणजे ज्या कारखान्यानं अभिजितला घडवलं, तोच दरवर्षी नवा अभिजित बाजारात आणत होता. जुन्याची वॉरंटी कंपनीनं स्वतःच संपवली.

त्यात भरीस भर हिमेश रेशमिया. २००६ च्या त्याच्या अल्बमचं नाव 'आपका सुरूर'. 'आपका' हा शब्दसुद्धा त्यानं उचलला आणि मग रिक्षाही उचलल्या. सात रस्त्यापासून विजापूर वेशीपर्यंत एकही रिक्षा अशी उरली नाही, की जिच्यातून नाकातला तो आर्त स्वर येत नव्हता. प्रवाशानं ''आवाज कमी कर की बे'' म्हटलं, तर रिक्षावाला म्हणायचा, ''सायब, मी बारीकच ठेवलाय, त्याचा आवाजच तसा हाय.'' जून २००७ च्या अखेरीला त्याच नावाचा सिनेमाही आला.

आणि मग जुलै २००७ मध्ये अभिजितचा दुसरा अल्बम आला : 'जुनून'.

मुंबईच्या ऑफिसात बसून ही तारीख ठरवणाऱ्याकडं सोलापूर जिल्ह्याचं पंचांग नसावं. त्या साली आषाढी एकादशी २६ जुलैला होती. पालख्या जिल्ह्यात शिरल्या, की इथं गाण्याच्या दुकानात एकच माल खपतो. पंढरपुरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्टॉल लागतात आणि त्यावर प्रल्हाद शिंदे वाजतात. ते २००४ साली गेले. खप गेला नाही. त्यांना दुसऱ्या अल्बमची काळजी कधी करावीच लागली नाही, कारण गिऱ्हाईक दरवर्षी तेच गाणं पुन्हा नव्यानं विकत घेतं. मागच्या वर्षीची कॅसेट कुठं गेली असं विचारलं, तर माळकरी म्हणतो, ''पाव्हण्यानं नेली.'' वारकरी संप्रदायात कॅसेटचंही अन्नदान होतं. अशा महिन्यात 'जुनून' नावाचं काही विकायला मांडणं म्हणजे एकादशीला मटणाच्या दुकानाचं उद्घाटन करण्यासारखं होतं.

तरी मालकांनी पोस्टर लावलं. दोन वर्षांपूर्वीचा अनुभव होता, म्हणून माल जरा जास्तच उचलला होता. काउंटरवर चाललेले संवाद असे :

''नवीन हाय का ही?''

''हो, दुसरी हाय.''

''मग कशाला? पयली हाय की घरात.''

दुसरं गिऱ्हाईक म्हणालं, ''ते टीव्हीवर लागतंय ते एकच गाणं पायजे. तेवढं सुटं मिळतंय का?''

तिसऱ्यानं सीडी हातात घेतली, पाठीमागची किंमत वाचली आणि एखाद्या लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी हळूच खाली ठेवली. मग विचारलं, ''एमपीथ्रीत आलं नाही का अजून?''

हा 'अजून' फार महत्त्वाचा. त्या काळात बसस्टँडच्या बाहेर फुटपाथवर एकेका एमपीथ्री सीडीत शंभर-दीडशे गाणी मिळत. त्यात अभिजित, हिमेश, किशोरकुमार आणि मध्येच एखादी भजनसंध्या अशी सर्वधर्मसमभावी रचना असे. किंमत मूळ सीडीच्या पासंगाला नाही. तिथं गाणं आलं, की सोलापूरकर ते 'बाजारात आलं' असं धरत असे. त्याआधी ते फक्त दुकानात आलेलं असे.

पुढं वर्षा-दोन वर्षांत फुटपाथवाल्याचंही दिवाळं निघालं, कारण मोबाइलच्या दुकानांवर पाट्या लागल्या : 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील'. गाणी भरून देणं हा धंदा आमच्याकडं जुनाच. कोऱ्या कॅसेटवर गिऱ्हाइकानं कागदावर लिहून दिलेली गाणी भरून द्यायची, ही कामं मालकांनी तरुणपणी शेकड्यांनी केली. फरक एवढाच, की पूर्वी गिऱ्हाईक यादी आणायचं. आता नुसतं कार्ड पुढं करून म्हणायचं, ''भरा चांगली चांगली.'' आपल्याला काय आवडतं, हे ठरवायचं कामसुद्धा दुकानदारावर आलं. या हुकमात दुसऱ्या अल्बमचं सातवं गाणं कोण भरणार?

बरं, लोकांच्या खिशात पैसे नव्हते म्हणावं तर तेही नाही. हेच लोक महिन्याच्या महिन्याला कॉलर ट्यूनचे पैसे देत होते. म्हणजे गाण्यासाठी मोजलेला पैसा असा, की ज्यानं भरला त्याला ते कधीच ऐकू येत नाही. ते ऐकतो तो वसुलीसाठी फोन करणारा. आमच्या गल्लीतल्या एका थोरल्या बंधूंनी पतसंस्थेचा हप्ता थकवला होता, तेव्हा खास एक दर्दभरी ट्यून लावली होती. वसुली अधिकारी ती ऐकून विरघळेल अशी आशा होती. तो विरघळला नाही, पण गाणं त्याला पाठ झालं.

खरी परीक्षा सप्टेंबरात, गणपतीत. सोलापुरात गाणं चाललं की नाही, हे खपाच्या आकड्यांवरून ठरत नाही, डॉल्बीवाल्यावरून ठरतं. त्याचा निकष सरळ असतो. गाणं लावल्यावर लेझीमवाली पोरं जागेवर थांबली तर गाणं पडलं, पुढं सरकली तर ठीक आणि लेझीम बाजूला टाकून नाचू लागली तर हिट. त्या वर्षीही 'जत्रा'तली 'कोंबडी पळाली'च सुटलेली होती. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्या आवाजांपुढं 'जुनून'चा प्रियकर काय टिकणार? तो बिचारा खिडकीत उभा राहून झुरणारा. मिरवणुकीत झुरता येत नाही. मागचं मंडळ पुढं ढकलतं.

तर असा तो अल्बम आला, वाहिन्यांवर फिरला, काहींना आवडलाही. पण पहिल्याची लाट काही परत आली नाही. जाणकारांनी म्हटलं, गाणी तेवढी जमली नाहीत. मला हे कारण पुरेसं वाटत नाही, कारण आत्यानं पहिल्या वेळी तरी गाणी कुठं ऐकली होती? कॅसेटचा कागद निघालाच नव्हता.

दुसऱ्या अल्बमचं हे दुखणं अटळ असतं असंही नाही. अमेरिकेत २००२ साली पहिली 'अमेरिकन आयडॉल' जिंकली ती टेक्ससची केली क्लार्कसन. तिचा पहिला अल्बम २००३ चा आणि दुसरा, 'ब्रेकअवे', २००४ चा. तो पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त खपला आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. तो ऐकताना लोक विसरूनच गेले, की या मुलीला आपण कधी मत दिलं होतं. आपल्याकडं फाल्गुनी पाठकनं १९९८ आणि १९९९ अशा लागोपाठ दोन वर्षांत दोन हिट दिले. पण तिच्या मदतीला दरवर्षी नवरात्र धावून येतं. ज्या कलाकाराचा हंगाम पंचांगात छापलेला आहे, त्याला कंपनीनं जाहिरात नाही केली तरी चालतं. अभिजितच्या वाट्याला पंचांगातली एकही तिथी आली नव्हती.

मालकांच्या दुकानात 'जुनून'चं एकच गिऱ्हाईक असं निघालं, जे परत आलं. युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी. महिन्याभरानं सीडी घेऊन आली नि म्हणाली, ''काका, ही अडकलालीय. चौथ्या गाण्याला लागली की पुढं जातच नाही.'' मालकांनी सीडी उजेडात धरली. चरेच चरे. रोज रात्री लावून लावून घासली होती. तिनं 'आयडॉल' कधी बघितलं नव्हतं, घरी केबलच नव्हती. मत दिलं नव्हतं. कोण सावंत, कुठला, याची तिला फारशी माहितीही नव्हती. ''आवाज मऊ हाय,'' एवढंच तिचं म्हणणं. मालकांनी सीडी बदलून दिली, तीही पैसे न घेता. उरलेल्या मालाचं दुसरं करायचं तरी काय होतं? नंतर मला म्हणाले, ''आख्ख्या नव्या पेठेत ही एकटी ऐकायसाठी न्यायली होती बघा. बाकीची सगळी फोटोत उभारायसाठी.''

अभिजित थांबला नाही. २००७ च्या डिसेंबरात जकार्ताला 'एशियन आयडॉल'मध्ये गेला. 'नच बलिये'त सपत्नीक नाचला. २००९ मध्ये 'लॉटरी' नावाच्या सिनेमात अभिनय केला. तिसरा अल्बम 'फरीदा' २०१३ साली आला. आमच्या हिशेबात नॅपकिन. तोवर मालकांच्या दुकानात कॅसेटच्या खणांत मोबाइलची कव्हरं लटकत होती. 'फरीदा' आहे का विचारलं, तर पोरगा म्हणाला, ''कुठल्या मॉडेलला?''

आता तर अल्बम हा प्रकारच उरला नाही. जळगावकडच्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' २०२४ साली आली आणि लग्नाच्या मांडवात नवरीपासून आचाऱ्यापर्यंत सगळे तिच्यावर नाचले. मग त्याची 'शेकी' २०२५ मध्ये आली आणि तीही चालली. हे पोर वाचलं, कारण दुसऱ्या वेळी त्याला आठ-दहा गाण्यांची परीक्षा नव्हती, एकाच गाण्याची होती. त्यातही रीलवर वाजतं तेवढंच सोडवायचं होतं. अख्ख्या पेपरापेक्षा गाळलेल्या जागा भरणं नेहमीच सोपं.

२०२४ साली 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात अभिजित पुन्हा लोकांच्या मतांवर उभा राहिला. ६ ऑक्टोबरला निकाल लागला. बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण जिंकला, अभिजित दुसरा आला. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. तिनं या वेळी सूरजला मत दिलं. मी म्हटलं, ''आत्या, अगं अभिजित आपला होता ना?'' ती म्हणाली, ''त्याला दिलं होतं की एकदा. आता या लेकराला कोण हाय?'' सूरज बारामतीचा, म्हणजे मुंबईपेक्षा कितीतरी जवळचा, आणि नवा. त्याला चादर मिळाली.

मी हे मालकांना सांगायला गेलो. ते कुणाच्या तरी फोनला स्क्रीनगार्ड चिकटवत होते. आतला बुडबुडा अंगठ्यानं कडेला सारत त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''या वेळी मताला पैसे पडले नाहीत ना?''

''नाही, ॲपवर फुकट होतं.''

''मग बरोबर हाय. त्या वेळी मताला पैसे मोजलाव आणि गाणं फुकट ऐकलाव. आता मतबी फुकट, गाणंबी फुकट,'' असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाला फोन परत दिला. ''स्क्रीनगार्डचे शंभर द्या, मालक.''

गिऱ्हाइकानं घासाघीस न करता शंभर दिले.